मागचा स्क्रू

दाजी आमच्याकडे दोन वस्तू टाकून गेले. एक त्यांची रायफल आणि एक माझी ताई.

रायफल त्यांनी स्वतः आत आणली. पेटी छातीशी धरून, तान्हं बाळ आणावं तशी. ताई मागून आपली बॅग आपणच ओढत आली. डोक्याला घट्ट स्कार्फ, डावा हात गळ्यातल्या पट्टीत, आणि ओठ असा सुजलेला की हसायला गेली तर अर्धंच तोंड हसलं.

"बाथरूममध्ये पडले," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"बाथरूम होतं की विहीर?"

"झाली हिची फौजदारी सुरू," दाजी हसले. मला ते फौजदारीणबाई म्हणतात. हसताना त्यांचे डोळे हसत नाहीत, नेम धरल्यासारखे एका जागी थांबतात. "बाबा, रायफल जरा बघा. गोळ्या कुठंही चालल्यात. रविवारी निवड चाचणी आहे माझी. शनिवारी येतो आणि दोघींना घेऊन जातो."

"या जावईबापू, निवांत या. मी बघतो," बाबा म्हणाले. ताईकडे त्यांनी पाहिलं, नाही असं नाही. पण आधी पेटी उघडली.

आमचं बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे. पुढून एक शटर, आत लेथ, ड्रिल, कामाचं जाडजूड टेबल आणि त्याला बसवलेला व्हाइस. दोन्ही जबड्यांत लोखंड आवळून धरतो तो शिकंजा. आमचा व्हाइस बाबांच्या बाबांचा, वजनाला माझ्याएवढा. दुकानाच्या मागं सिमेंटचे मोठे पाइप एकाला एक जोडून पन्नास मीटरचा बोगदा केलाय. टोकाला वाळू. तिथं बंदुका तपासायच्या. बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते खांद्याला रायफल लावू शकत नाहीत, म्हणून तपासणीच्या गोळ्या मी झाडते. मला वेळच वेळ आहे. शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून भांडण होतं. वर्गातल्या एकानं माझी वेणी बाकाला बांधली, मी त्याच्या थोबाडावर कंपासपेटी मारली. पेटी लोखंडी होती. त्याचे पुढचे दात लोखंडी नव्हते.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी दाजींना सोनं दिलं नाही, दस्ता करून दिला. दस्ता म्हणजे रायफलचं सगळं लाकूड, ज्याच्यावर नळी बसते आणि ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं. अक्रोडाचं लाकूड. बाबांनी ते सावलीत वाळवलं, कानशीनं घासलं, तेल पाजलं, परत घासलं. त्या दस्त्यावर दाजींनी पदकं मिळवली. त्यातलं सगळ्यात मोठं गळ्यात घातलेला फोटो आमच्या लेथच्या वर लावलाय. बाबा रोज त्याची धूळ पुसतात. माझा एकही फोटो दुकानात नाही.

मी पहिल्या दिवशीच बाबांना सरळ सांगितलं, "त्यानं मारलंय तिला."

"कुणी?"

"तुमच्या फोटोनं."

बाबांनी हातातला फडका टेबलावर आपटला. "तोंड सांभाळ. ती सांगतेय ना, पडली म्हणून? तुला सगळीकडे मारामारीच दिसते, कारण तुला तेवढंच येतं. चल, गोळ्या घे."

मी बोगद्याच्या तोंडाशी पोटावर पडले. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. पाच गोळ्या. चांगल्या रायफलनं पन्नास मीटरवर पाचही गोळ्या एका भोकातून घालायला पाहिजेत. ही तर तशी घालायचीच. दोरीनं कागद ओढून आणला, तर तीन गोळ्या एका ठिकाणी आणि दोन त्याच्या बोटभर डावीकडे, वर. मध्ये कोरा कागद.

परत पाच. परत तसंच. दोन घोळके.

"माझा हात हलला नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला. हाताची चूक असती तर दाणे फेकल्यासारख्या सगळीकडे पसरल्या असत्या." बाबांनी कागद उजेडात धरला. "ही दोनच ठिकाणी जातेय. म्हणजे काहीतरी दोन जागी बसतंय. कधी इथं, कधी तिथं."

"काय?"

"तेच शोधायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की खरं कोण बोललं ते कळत नाही."

मला त्यांची ही पद्धत अजिबात झेपत नाही. माझं डोकं फिरतं. पण शनिवारपर्यंत घरात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि स्वयंपाकघरात ताई होती, जी कुठल्याही प्रश्नाला "चहा घेतेस?" म्हणत होती.

आधी गोळ्या बदलल्या. दुसरी पेटी, दुसरा साठा. दोन घोळके. मग नळी धुतली. दांड्याला ब्रश लावून आतलं शिसं काढलं, फडका पांढरा निघेपर्यंत. दोन घोळके. मग नळीचं तोंड. तिथं बारीकसा जरी ओरखडा असला तरी गोळी बाहेर पडताना धक्का खाते. बाबांनी कानात घालायच्या काडीचा कापूस त्या काठावरून गोल फिरवला. ओरखडा असेल तर कापसाचा तंतू अडकतो. एकही अडकला नाही.

मग दुर्बीण काढून दुसऱ्या रायफलची खात्रीची दुर्बीण बसवली. माझं मन सांगत होतं, हीच. दुर्बिणीच्या आत काहीतरी सुटलंय. पाच गोळ्या झाडल्या, कागद ओढला.

दोन घोळके.

माझं टाळकं सटकलं. हातात मोठा पाना होता, तो मी पत्र्याच्या कपाटावर भिरकावला. धडाम असा आवाज झाला की लेथवरचा फोटोसुद्धा वाकडा झाला.

आणि ताई खाली बसली.

ती चहाचे कप घेऊन दारात आली होती. कप फुटले, चहा तिच्या पायांवर गेला, पण तिनं पाय हलवले नाहीत. भिंतीशी उकिडवी बसली, चांगला हात डोक्यावर आडवा धरून, कोपर पुढं, हनुवटी छातीत. एका क्षणात. शिकवल्यासारखी. बाथरूममध्ये पडून असं बसायला कुणी शिकत नाही.

"बाबा," मी म्हटलं. "बघा. आता तरी बघा."

बाबांनी पाहिलं. मग वाकून कपाचे तुकडे गोळा करायला लागले, एका हातानं. "पाना फेकत जाऊ नकोस," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ताईचा फोन वाजला. ती बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बोलली. तिला वाटलं तिथं कुणाला ऐकू जात नाही. पाइपातून आवाज उलट जास्त येतो. "हो," ती म्हणत होती. "हो. नाही बोलले. शप्पथ नाही बोलले. तयार राहते. अहो, हिला काही करू नका, ती लहान आहे, तिला अक्कल नाही."

हिला म्हणजे मला. मी मुठी आवळून लेथच्या मागं उभी होते. माझ्या अंगाला हात लावून दाखव म्हणावं. तेव्हा मला वाटायचं, राग असला की पुरतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वहीचा एक कागद फाडून घेतला आणि नळी आणि लाकूड यांच्या फटीतून सरकवला. नळी लाकडाला कुठंही टेकायला नको. टेकली तर तापल्यावर रेटली जाते. कागद सरसर शेवटपर्यंत गेला. तिथंही काही नाही.

"मग उरलं काय?" मी म्हटलं.

बाबा उत्तर द्यायच्या ऐवजी रायफल उलटी करून बसले. नळी आणि तिच्यामागची सगळी लोखंडी यंत्रणा लाकडात दोन स्क्रूंनी आवळलेली असते. एक पुढं, एक मागं.

"बोट इथं ठेव. लाकूड आणि लोखंड भेटतं तिथं. अर्धं बोट यावर, अर्धं त्यावर. आता मी मागचा स्क्रू सैल करतो. काही हललं तर सांग."

त्यांनी स्क्रू फिरवला. माझ्या बोटाखाली लोखंड उचललं गेलं. अगदी केसाएवढं, पण उचललं गेलं. आवळला तसं परत दबलं.

"हलतंय."

"खोटं."

"तुम्ही ठेवा बोट."

त्यांनी ठेवलं. मी स्क्रू फिरवला. बाबांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातानं बसवलेलं लोखंड त्यांच्याच लाकडात हलत होतं. त्यांना कुणी शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

दोन्ही स्क्रू काढून लोखंड बाहेर घेतलं, नळी व्हाइसमध्ये चामड्याच्या पट्ट्या लावून धरली, आणि दस्ता खिडकीखाली नेला. मागच्या स्क्रूच्या भोकापासून मुठीच्या दिशेनं तिरकी चीर गेली होती. बाहेरून दिसत नव्हती, वरून पॉलिश फासलं होतं. आत मात्र चिरीत काचेसारखं काहीतरी चमकत होतं.

"डिंक," बाबा म्हणाले. "बाजारातला, ट्यूबमधला. माझ्या लाकडाला ट्यूबमधला डिंक लावला यानं."

"आणि तुम्हाला सांगितलं नाही."

"लाज वाटली असेल. पडली असेल हातातून. गाडीतून काढताना पडली असेल."

"बाबा!"

"लाकूड आहे, पडलं की फुटतं."

"मग पाडून बघू," मी म्हटलं.

मी ते रागात म्हटलं होतं. पण बाबा थांबले. त्यांना ती त्यांच्या पद्धतीची गोष्ट वाटली. माळ्यावर मोडक्या बंदुकांचे जुने दस्ते पडले होते, अक्रोडाचेच. बाबांनी ते खाली काढायला लावले. एकेकात एकेक भंगार नळी बसवून दोन्ही स्क्रू आवळले. म्हणाले, "पाड."

मी पहिली गाडीच्या डिकीच्या उंचीवरून सोडली. फरशीवर आपटली. मागच्या टोकाचा कोपरा उडाला. स्क्रूपाशी काही नाही.

दुसरी शटरच्या पायरीवरून, नळी खाली. पुढच्या बाजूनं लाकूड उभं फाटलं. मागं काही नाही.

तिसरी मी डोक्याच्या वरून, सगळा जोर लावून, पाठीवर पाडली. ठिकरी उडून माझ्या गालाला लागली, रक्त आलं. चीर आली, पण सरळ, मधून. बाबा प्रत्येक वेळी खाली बसून बोटानं चीर चाचपत होते आणि मान हलवत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला कळलं की त्यांना उत्तर आधीच माहीत आहे. नुसते बाकीचे रस्ते बंद करत चाललेत.

"आता कशी?" मी विचारलं.

बाबांनी वाळूची पिशवी साखळीला टांगली, जिला आम्ही जड यंत्रं टांगतो. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. ताई माझ्याएवढीच उंच आहे.

"नळी दोन्ही हातांनी धर," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "काठीसारखी. आणि फिरव."

मी फिरवली. दस्ता पिशवीत बसला, माझ्या मनगटांपर्यंत झिणझिण्या आल्या. बाबांनी बघितलं. काहीच नाही. परत मारली. पिशवी झुलली. काही नाही.

"एवढ्या हळू नव्हतं," ताई म्हणाली.

ती दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. या वेळी कप नव्हते.

"अजून जोरात मारायचं," ती सांगत होती, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. "आधी मागं पाऊल टाकायचं. मग कंबर फिरवायची. पहिला हातावर, कारण हात मध्ये येतो. दुसरा डोक्यावर."

मी बाबांकडे पाहिलं. ते पिशवीकडे बघत होते.

मी मागं पाऊल टाकलं, कंबर फिरवली आणि मारलं. पिशवी फाटली. वाळू माझ्या पायांवर ओतली गेली आणि दस्ता हातातच कडकन बोलला. बाबांनी तो घेतला, खिडकीखाली दाजींच्या दस्त्याच्या शेजारी ठेवला. मागच्या स्क्रूपासून मुठीकडे, तिरकी. जुळ्या बहिणी असाव्यात तशा दोन चिरा.

ताईनं स्कार्फ सोडला. उजव्या कानाच्या वर केस कापले होते आणि टाके घातले होते. ओबडधोबड, काळ्या दोऱ्याचे.

"काय कारण होतं?" बाबांनी विचारलं. मला वाटलं आता यांना पण एक फिरवावी. कारण विचारतात!

"सराव चालला होता. मी मध्येच हाक मारली. नेम चुकला म्हणाले." तिनं स्कार्फची घडी घातली. "नंतर रात्रभर रडत होते. मला वाटलं माझ्यासाठी. दस्ता फुटला म्हणून रडत होते."

बाबांनी दाजींच्या दस्त्याच्या मागच्या टोकाची रबरी गादी काढायला स्क्रू सैल केले. पेचकस तीनदा घसरला. रबर आणि लाकडाच्या फटीत, डिंकात अडकून, दोन लांब केस होते. कुरळे. आमच्या घरात कुरळे केस एकट्या ताईचेच आहेत. मी चिमट्यानं काढायला गेले.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "तसंच राहू दे."

मग ते उठले, लेथवरचा फोटो उतरवला, टेबलावर पालथा ठेवला आणि हातोड्यानं त्याचा चुरा केला. डाव्या हातानं. काच, चौकट, पदक, गाल. थांबतच नव्हते. शेवटी भिंतीवरची दुनळी बंदूक काढायला निघाले तेव्हा ताई आडवी आली.

"बाबा, मी शनिवारी जाणार आहे."

"कुठं?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"त्यांच्याबरोबर. नाही गेले तर ते इथं धिंगाणा घालतील. तुमच्या खांद्यात लोखंडी पट्टी आहे. आणि ही..." तिनं माझ्याकडे बोट केलं, "ही ठिणगी त्यांच्या अंगावर जाणार. मला माहितीय ते कसे मारतात. हिला माहीत नाही. माझं काय, मला सवय झालीय."

"सवय म्हणे!" मी ओरडले. "शेण खा तू! माझ्या नावावर जाऊ नकोस. मी सांगितलं होतं का मला वाचव म्हणून?"

"तू ओरडू नकोस," ताई म्हणाली. "तू ओरडलीस की मला तेच ऐकू येतं."

मी सांडलेली वाळू भरायला लागले. शुक्रवारभर तिनं बॅग भरली, उचकली, परत भरली. बाबा समजावत राहिले. ती हो म्हणायची आणि परत घड्या घालायची.

शनिवारी दाजी इस्त्रीच्या शर्टात आले. खुर्ची ओढून बसले. "काय म्हणतेय आमची राणी?"

राणी म्हणजे रायफल.

"कारण सापडलं," बाबा म्हणाले. "मागचा स्क्रू."

"बघा! आणि मी उगाच दुर्बिणीला शिव्या देतोय. केला ना घट्ट?"

"स्क्रू घट्ट होता. लाकूड फुटलंय." बाबांनी टेबलावरचं कापड उचललं. खाली सगळे मोडके दस्ते ओळीनं मांडले होते, आणि शेवटी त्यांचा स्वतःचा. "हा डिकीतून पडलेला. हा पायरीवरून. हा पाठीवर पडलेला. आणि हा नळी धरून माणसावर फिरवलेला. तुमचा कुठला जावईबापू, तुम्हीच ओळखा."

दाजी हसले नाहीत. त्यांनी ताईकडे पाहिलं. ती बॅग घेऊन दाराशी उभी होती. "काय बोललीस तू?"

"ती कशाला बोलतेय," मी म्हटलं. "तुमची राणी बोलली. गेले चार दिवस कागदावर दोन-दोन भोकं पाडून सांगतेय. नेमबाज म्हणे! एवढंही कळलं नाही, बायकोच्या डोक्यावर फोडलेली रायफल दुरुस्तीला तिच्याच बापाकडे नेऊ नये म्हणून!"

ते उठले कधी तेच दिसलं नाही. कानशिलात असा फटका बसला की दुकान एका बाजूला कललं. मी कानस उचलून त्यांच्यावर गेले, खांद्यात रुतवलीही, पण त्यांनी माझी मान धरून मला ड्रिलच्या लोखंडी खांबावर आपटलं. भुवई फाटली. डाव्या डोळ्यात गरम गरम उतरलं आणि काही दिसेना. बाबा मध्ये पडले, तर त्यांना खांद्यालाच ढकललं, बरोबर ऑपरेशनच्या जागी. बाबा लेथवर पडले आणि तिथून खाली, आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधीच ऐकला नव्हता.

ताई हलली नव्हती. डोक्यावर हात घेतला नव्हता. नुसती बघत होती, कधी मला, कधी बाबांना.

"बॅग गाडीत टाक," ते तिला धापा टाकत म्हणाले. "आणि मी हिला घेतो."

हिला म्हणजे राणीला. लोखंड अजून व्हाइसमध्ये होतं. त्यांनी व्हाइसचा दांडा फिरवून जबडा सैल केला. चामड्याच्या पट्ट्या खाली पडल्या. मग उजवा हात नळीखालून घातला, बोटं जबड्याच्या आत, अलगद, ओरखडा पडू नये म्हणून. बाळाला झोपेतून उचलताना मानेखाली हात घालतात ना, तसा.

ताईनं बॅग खाली ठेवली. दोन पावलांत टेबलापाशी आली. चांगल्या हातानं दांडा धरला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं.

अक्रोड फोडतात तसा आवाज आला. एक नाही, ओळीनं.

ते किंचाळले. दुसऱ्या हातानं तिचे केस धरायला गेले, पण तिनं दांड्यावर आणखी भार दिला आणि त्यांचे गुडघेच गेले. टेबलाला लोंबकळल्यासारखे खाली बसले, एक हात वर. ज्या बोटानं चाप ओढायचे ते बोट नळी आणि जबड्याच्या मध्ये होतं.

ताई त्यांच्या तोंडाजवळ वाकली.

"लोकांना काय सांगशील?" तिनं विचारलं. तिनं त्यांना कधी अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं. "सांग की. बाथरूममध्ये पडलो म्हण."

"सोड... सोड गं..."

"कुणी विचारायच्या आधीच सांगायचं. तसं बरं पडतं."

तिनं दांडा अजून थोडा ओढला. त्यांचा आवाजच बंद झाला, नुसतं तोंड उघडं. तिचा चेहरा मला दिसत होता, एका डोळ्यानं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला कळला असता. ती फक्त बघत होती की कुठपर्यंत जातं.

"ताई," मी म्हटलं. "बास."

मी. मी म्हणत होते बास.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि दांडा सोडला. दाजी हात पोटाशी धरून उठले. बोटं कुठल्या कुठं बघत होती. "तुम्हाला सगळ्यांना संपवतो," असं काहीतरी म्हणाले, पण शब्दांना हाडं नव्हती. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून व्हाइसकडे पाहिलं. राणीकडे.

"ती राहू दे," बाबा जमिनीवरूनच म्हणाले. "दुरुस्तीला आलीय आमच्याकडे."

बाहेर गाडीची किल्ली त्यांना डाव्या हातानं लागेना. शेवटी गाडी तिथंच टाकून ते रस्त्यानं पळत गेले. शेजारपाजारचे दारात येऊन बघत होते.

आम्ही बाबांना खुर्चीत बसवलं. ते पांढरेफटक पडले होते, तरी डोकं चालू होतं. "ऐक," ते ताईला म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगायचं, त्याचा हात चुकून अडकला. दांडा आपोआप फिरला. जुना व्हाइस आहे, मी सांगेन तसं."

"नाही," ताई म्हणाली. "मी फिरवला म्हणून सांगणार. दोनदा."

"तुलाच आत टाकतील गं!"

"टाकू देत. पडले, अडकला, आपोआप झालं, हे मला आता बोलायचं नाही. जे झालं ते सगळं सांगणार. आधी त्यांनी काय केलं ते, मग मी काय केलं ते."

तिनं दाजींचा दस्ता उचलला. मागची गादी जशी होती तशी, केसांसकट. पट्टीतल्या हाताखाली धरला आणि डोक्याचा स्कार्फ काढून त्याला गुंडाळला. टाके उघडे पडले, कापलेले केस उघडे पडले. रस्त्यावर अजून लोक उभे होते. तिनं परत डोकं झाकलं नाही.

बाबांनी शटरचं कुलूप माझ्याकडे फेकलं. मी ते झेललं आणि बाहीनं डोळ्यावरचं रक्त पुसायला गेले.

"पुसू नकोस," ताई म्हणाली. "पोलीस चौकीत दाखवेपर्यंत तसंच राहू दे." आणि दस्ता काखेत मारून माझ्या पुढं चालायला लागली.